कार्बोरेटरविषयीच्या सल्ल्यात दुरुस्ती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, बदल करून इंजिनाची ताकद कशी वाढवावी, यावर एक लेख आला आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने तो मी लक्ष देऊन वाचला. त्यात तीन सल्ले आहेत. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा पितळी स्क्रू, मोठा टाका, नाही मिळाला तर आहे त्याच जेटला ड्रिल मारा. एअर फिल्टर काढून टाका. आणि ज्यांना ताकदीपेक्षा ॲव्हरेज हवे आहे त्यांनी मिक्स्चरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी करा. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. टू-स्ट्रोक इंजिन वापरणाऱ्याने तिसरा सल्ला मनावर घेतला तर त्याचे इंजिन जाम होऊ शकते. म्हणून हे पत्र.

कार्बोरेटर उघडणे, धुणे, जोडणे आणि ट्यून करणे हा माझा व्यवसाय आहे. हे काम मी वडिलांच्या हाताखाली शिकले. आज माझ्याकडे जुन्या मोटारसायकली येतात, जुन्या मोटारी येतात, पाण्याचे पंप, जनरेटर, गवत कापायची आणि लाकूड कापायची यंत्रे येतात. नव्या गाड्यांत इंजेक्शन आले तरी ही सगळी यंत्रे कार्बोरेटरवरच चालत आहेत, आणि पुढेही बराच काळ चालतील. त्यामुळे लेख छापण्यामागचा आपला हेतू मला आवडला. लोकांना आपले यंत्र स्वतः समजून घ्यावेसे वाटते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सल्ला बरोबर हवा.

मुळापासून सांगते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन सगळ्यात जास्त ताकद देते ते यापेक्षा थोडे रिच (जास्त पेट्रोलचे) मिश्रण मिळाले की, म्हणजे एका भाग पेट्रोलला १२.५ ते १३ भाग हवा असताना. पेट्रोल सगळ्यात कमी जळते ते १५.५ ते १६ च्या आसपास. जास्तीत जास्त ताकदीच्या आकड्याच्या खाली गेलात, म्हणजे पेट्रोल आणखी वाढवलेत, की ताकद पडायला लागते. जास्तीच्या पेट्रोलला जळायला हवाच उरलेली नसते. ते काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन सायलेन्सरमधून बाहेर जाते, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते. मग रिंगा झिजतात, तेलात पेट्रोल उतरते.

आता लेखातला जेट घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या जेटवरचा आकडा हा छिद्राचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० चा जेट म्हणजे १ मिमी छिद्र. लेखकांनी '१०० चा जेट असेल तर ११० टाका, जरासाच फरक आहे' असे लिहिले आहे. व्यास १० टक्के वाढला की छिद्राचे क्षेत्रफळ २१ टक्के वाढते, आणि पेट्रोल वाहते ते क्षेत्रफळाच्या हिशेबाने. गाडी पूर्ण रेसवर १३ च्या प्रमाणात नीट चालत असेल, तर या एका बदलाने ती १०.७ च्या आसपास जाते. हे इंजिन जोर लावणार नाही, भकभक करेल. पुन्हा, सगळ्या कंपन्यांचे आकडे एका मापाचे नसतात. काही जेटवर व्यास लिहितात, काही दर मिनिटाला किती घनसेंटिमीटर द्रव वाहतो ते लिहितात. एका कंपनीचा ११० आणि दुसरीचा ११० ही दोन वेगळी छिद्रे असू शकतात. लेखात याचा उल्लेखच नाही.

ड्रिल मारण्याबद्दल तर मला कळकळीने सांगायचे आहे. लेख आल्यानंतर एक मुलगा माझ्याकडे मोटारसायकल घेऊन आला. त्याने जेटला हाताच्या ड्रिलने भोक मोठे केले होते. मी तो जेट भिंगाखाली धरून त्याला दाखवला. आतली भिंत ओरबाडलेली, एका कडेला पितळेचा बारीक काटा उभा, भोक एका बाजूला कललेले. जेट हा नुसता भोक पाडलेला स्क्रू नसतो. त्याच्या तोंडाचा उतार, आतला गुळगुळीतपणा, छिद्राची लांबी या सगळ्यावर त्यातून किती पेट्रोल जाईल हे ठरते, आणि कारखान्यात ते प्रवाह मोजून ठरवलेले असते. ड्रिल मारलेल्या जेटचा आकडा कोणालाच सांगता येत नाही. आकडा माहीत नसला की पुढचा जेट कोणता टाकायचा तेही कळत नाही. ट्यूनिंग तिथेच थांबते. त्या मुलाला मूळ आकड्याचा जेट लावून दिला आणि गाडी पहिल्यासारखी पळाली.

ताकद येते हवेतून. इंजिन एका फेऱ्यात किती हवा आत घेते यावर ते किती पेट्रोल जाळू शकेल हे ठरते. १०० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. ८००० आरपीएमला सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरला असे धरले तरी मिनिटाला ४०० लिटर हवा झाली, आणि प्रत्यक्षात भरते ती त्याहून कमी. जेट बदलून ही हवा कणभरही वाढत नाही. जेट फक्त त्या हवेला जोगे पेट्रोल देतो. म्हणून आधीच बरोबर जेट असलेल्या, मूळ अवस्थेतल्या इंजिनात नुसता जेट बदलून ताकद मिळत नाही. ज्याने सायलेन्सर बदलला, कॅमशाफ्ट बदलला, पोर्ट घासून मोकळे केले, त्याच्या इंजिनाची हवा बदललेली असते, आणि त्याला नवीन जेटिंग करावेच लागते. तिथे मोठा जेट अगदी योग्य आहे. माझा विरोध मोठ्या जेटला नाही, मोजमाप न करता टाकलेल्या जेटला आहे.

फिल्टरचे पाहा. फिल्टर काढला की हवा मोकळी येते हे खरे. पण कार्बोरेटरमधली ओढ कमी झाल्याने मिश्रण लीन (कमी पेट्रोलचे) होते, आणि फिल्टरच्या डब्याचा आकार मधल्या आरपीएमला हवा नीट भरावी म्हणून ठरवलेला असतो, तो फायदा जातो. व्हॅक्युमवर उचलणारी स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) असलेल्या कार्बोरेटरमध्ये तर डबा काढला की स्लाइड नीट उचलतच नाही, आणि मधल्या रेसला गाडी अडखळते. त्याहून मोठे नुकसान धुळीचे. बारीक धूळ तेलात मिसळली की सिलिंडर आणि रिंगांवर पॉलिश पेपर फिरल्यासारखी झीज होते. ज्या इंजिनाची ताकद वाढवायला फिल्टर काढला, त्याचे कॉम्प्रेशनच काही काळात जाते. लेखकांना मोकळी हवा हवी असेल तर जास्त क्षेत्रफळाचा चांगला फिल्टर लावावा आणि त्याप्रमाणे जेटिंग करावे.

आता वाचकांनी करावे काय, ते लिहिते. लेखात हाच भाग यायला हवा होता.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी बाकीचे इंजिन ठीक आहे याची खात्री करा. टॅपेटचे अंतर, प्लगचा गॅप, इग्निशनचे टायमिंग, कॉम्प्रेशन, टाकीतून पेट्रोल मोकळे येते का, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले नाही ना. हे सगळे पाहून झाले की हवेची गळती शोधा. माझ्याकडे दोन सिलिंडरची एक जुनी मोटारसायकल आली होती. गरम झाली की तिची रेस आपोआप वाढायची, ग्रिप सोडली तरी लवकर खाली यायची नाही. आधीच्या लोकांनी तिच्यात जेट बदलले होते, सुई (स्लाइडला लटकलेली, मधल्या रेसला पेट्रोल मोजणारी) उचलली होती, स्क्रू कुठेतरी फिरवून ठेवले होते. दोष होता कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांमधल्या रबरी नळीला. वरून ती साबूत दिसायची, पण बोटाने वाकवली की खालच्या अंगाला चीर उघडायची. तिथून फुकटची हवा आत जात होती. स्लोवर चालू असलेल्या इंजिनाच्या या जोडाभोवती कार्बोरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारला आणि आवाज बदलला, की गळती सापडली. हे इंजिन थंड असताना, उघड्यावर, आजूबाजूला ठिणगी नसताना करा. तो फवारा पेट घेतो.

मग सफाई. जुने पेट्रोल सुकून जेटमध्ये चिकट थर धरते. स्लो जेटचे, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचे, छिद्र इतके बारीक असते की तेवढा थरही ते बंद करायला पुरतो. जेटमध्ये लोखंडी तार कधीही घालू नका. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक पातळ धागा आणि दाबाची हवा एवढ्यात काम होते. सफाईच्या द्रवात बुडवण्याआधी रबराचे सगळे भाग आणि डायफ्राम काढून ठेवा. त्यानंतर फ्लोटची, म्हणजे आतल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी मॅन्युअलप्रमाणे लावा. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल वर किंवा खाली असेल तर मिश्रण सगळ्याच रेसवर बदलते, आणि मग जेट बदलत बसणे व्यर्थ. ड्रेन स्क्रूला पारदर्शक नळी लावून वर धरली की आतली पातळी बाहेरून दिसते. ही साधी युक्ती वडिलांनी मला पहिल्यांदा शिकवली, आणि अजूनही मी प्रत्येक कार्बोरेटरला ती वापरते.

यानंतर खरे ट्यूनिंग. मोटारसायकलच्या स्लाइडवाल्या कार्बोरेटरचे उदाहरण घेते, कारण त्यात प्रत्येक भागाचे काम वेगळे दिसते. ग्रिप बंद ते आठवा भाग उघडी असताना स्लो जेट आणि हवेचा स्क्रू यांचे राज्य असते. आठव्या भागापासून पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा कापलेला उतार बोलतो. पाव ते पाऊण रेसवर सुई आणि सुईचा जेट. पाऊणपासून पुढे मेन जेट. या सीमा काटेकोर नाहीत, एकाचे काम दुसऱ्यात मिसळते, पण तक्रार नेमकी कुठे आहे हे कळायला एवढे पुरते. ग्रिपवर आणि तिच्या शेजारच्या भागावर टेपच्या पट्ट्या चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. गाडी कोणत्या खुणेला अडखळते ते पाहा. आरपीएमकडे पाहून हे ठरवू नका, ग्रिप किती उघडली आहे त्यावर ठरवा. अर्ध्या रेसला अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणारे लोक मी खूप पाहिले आहेत. तिथे सुईची क्लिप एक खाच खाली-वर करायची असते. क्लिप खालच्या खाचेत बसवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते.

मी आधी मेन जेट ठरवते, मग सुई, मग स्लो, आणि शेवटी पुन्हा सगळ्यावरून एक हात फिरवते. मेन जेटची चाचणी पूर्ण रेसवर, मोकळ्या आणि सुरक्षित जागी, इंजिन नीट गरम झाल्यावर. पूर्ण ओढत असताना ग्रिप किंचित कमी केली आणि गाडी उलट जास्त ओढायला लागली, तर मेन जेट लहान आहे. चोक जरासा ओढल्यावर सुधारली तरी तेच. पूर्ण रेसवर भकभकते, गरम झाल्यावर अधिकच बिघडते, आणि चोक लावताच कोसळते, तर जेट मोठा आहे. एका वेळी एकच भाग, एकच पायरी बदला, आणि बदल वहीत लिहा. हवा किती गरम होती तेही लिहा. माझी वही ही माझ्या सगळ्या हत्यारांपेक्षा मला मोलाची आहे.

मिक्स्चरच्या स्क्रूबाबत लेखात जे लिहिले आहे ते अर्ध्या कार्बोरेटरना उलटेच लागू पडते. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो. तो आवळला की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होते. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचे मिश्रण सोडतो, आणि तो आवळला की लीन होते. म्हणजे लेख वाचून ॲव्हरेजसाठी स्क्रू आवळणाऱ्या कित्येकांची गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागेल. योग्य रीत अशी: इंजिन गरम करा. बंद करून स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, जोर लावू नका, टोक चिरडते. मग दीड ते दोन आटे बाहेर घ्या आणि इंजिन चालू करा. पाव-पाव आटा फिरवत जिथे स्लो सगळ्यात जास्त आणि एकसारखी लागते ती जागा शोधा, आणि स्लोचा वेग ठरवणारा दुसरा स्क्रू कमी करून पुन्हा एकदा तीच जागा तपासा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअल मानायचे. रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना पेट्रोल सुईकडून येते, त्यामुळे या स्क्रूने ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही. ॲव्हरेज हवे असणाऱ्यांनी टायरमधली हवा, अडकलेले ब्रेक आणि टॅपेट आधी पाहावेत.

प्लगचा रंग पाहण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण ती नीट करावी लागते. गाडी स्लोवर ठेवून बंद केली आणि प्लग काढला तर तो स्लोचा रंग दाखवतो, मेन जेटचा नाही. ज्या रेसचा रंग पाहायचा त्या रेसवर थोडा वेळ चालवून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचे. फिकट तपकिरी ठीक. कोरडा काळा थर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा, चुन्यासारखा कोरडा दिसला तर ताबडतोब थांबा. शिसेविरहित पेट्रोलने रंग धरायला वेळ लागतो, म्हणून मी भिंगाने चिनी मातीच्या अगदी खालच्या, आतल्या बाजूची कडी पाहते. ज्यांना परवडेल त्यांनी सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवावा. तो मिश्रणाचे प्रमाण थेट आकड्यात दाखवतो. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सेन्सरच्या आधी पाइपाला गळती असेल तर बाहेरची हवा शिरून मीटर खोटेच लीन दाखवते. आणि गाडी मिस मारत असेल तरीही ते लीन दाखवते, कारण न जळलेला ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचतो. रिच मिश्रणाने मिस मारणाऱ्या इंजिनात मीटरवर विसंबून आणखी पेट्रोल वाढवले, तर मिस मारणे आणखी वाढते.

टू-स्ट्रोकचे आता वेगळे सांगते. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते. पेट्रोल कमी केले की इंजिन जास्त तापते, आणि जिथे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते तिथे तेही त्याच वेळी कमी होते. पिस्टन फुगतो, सिलिंडरला धरतो, आणि इंजिन जागच्या जागी जाम होते. मोटारसायकलवर हे चालू वेगात झाले तर मागचे चाक अडकते आणि माणूस पडतो. लाकूड कापायच्या यंत्रावर L (कमी रेसचा) आणि H (पूर्ण रेसचा) असे दोन स्क्रू असतात. H आवळला की यंत्राचा आवाज तीक्ष्ण होतो, फेरे वाढतात, आणि चालवणाऱ्याला वाटते की ताकद वाढली. काही वेळात पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे पडतात. असे पिस्टन माझ्याकडे नेहमी येतात. मोकळ्या पूर्ण रेसवर ते यंत्र किंचित खरखरीत, अडखळत बोलले पाहिजे आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ झाले पाहिजे. काहींना वाटते की तेल जास्त घातले की इंजिन सुरक्षित. पण पन्नास भाग पेट्रोलला एक भागाऐवजी पंचवीस भागांना एक भाग तेल घातले, तर त्याच जेटमधून येणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण थोडे लीनच होते. तेलाचे प्रमाण बदलले तर जेटिंग पुन्हा तपासायला हवे.

मोठा कार्बोरेटर बसवण्याबद्दल लेखात एक ओळ आहे, म्हणून थोडक्यात. २८ मिमीच्या जागी ३४ मिमीचा लावला की तोंडाचे क्षेत्रफळ जवळपास दीडपट होते. तेवढीच हवा जाताना तिचा वेग सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. वेग कमी म्हणजे ओढ कमी, पेट्रोलचे थेंब मोठे, आणि खालच्या रेसला गाडी मेल्यासारखी. शर्यतीत, सतत वरच्या आरपीएमला चालणाऱ्या इंजिनाला तो ठीक.

जागा आणि इंधन बदलले तरी जेटिंग हलते. समुद्रसपाटीवर नीट लावलेली गाडी १५०० मीटर उंचीवर नेली की हवा सुमारे १४ टक्के विरळ होते आणि मिश्रण साधारण ७ टक्के रिच होते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने उलटे होते. शुद्ध इथेनॉलला जळायला फक्त ९ भाग हवा पुरते, त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला १४.७ ऐवजी साधारण १३.५ हे प्रमाण लागते. जुना जेट तसाच ठेवला तर इंजिन तेवढे लीन चालते. अशा वेळी एक पायरी मोठा जेट टाकणे योग्य ठरू शकते, आणि प्लग पाहून ते ठरवावे. जुने रबर आणि फ्लोटच्या सुईचे टोक इथेनॉलने फुगते, तेही बदलून घ्यावे. यंत्र बरेच दिवस उभे राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा. इथेनॉल पाणी ओढते आणि आतल्या ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

कार्बोरेटरमधला बदल कसा असावा याचे एक उदाहरण माझ्या मनात कायम असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे मर्लिन इंजिन, विमानाने नाक खाली करून झटकन बुडी मारली की बंद पडायचे. जर्मन विमानांच्या इंजिनात थेट इंजेक्शन होते, त्यांना ही अडचण नव्हती. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या बिॲट्रिस शिलिंग यांनी हा प्रश्न हातात घेतला. बुडी मारताना फ्लोट चेंबरमधले पेट्रोल वर फेकले जाते, आधी क्षणभर इंजिन उपाशी राहते, आणि मग फ्लोटचा ताबा सुटल्याने पेट्रोल भसाभस आत येऊन ते गुदमरते. खरा घात दुसऱ्या भागात होता. त्यांनी इंधनाच्या वाटेवर नेमक्या मापाचे छिद्र असलेला छोटा पितळी तुकडा बसवला. पूर्ण ताकदीला इंजिनाला जेवढे पेट्रोल लागते तेवढेच त्यातून जाई, अधिक नाही. १९४१ च्या सुरुवातीला हे तुकडे विमानांना बसवले गेले. इंजेक्शनइतका हा उपाय पूर्ण नव्हता, पण विमान सेवेतून बाहेर न काढता बसवता येत होता आणि लढणाऱ्या वैमानिकांना त्याचा मोठा आधार झाला. या बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत उतरत, आणि इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने फेरी मारल्याबद्दल त्यांना गोल्ड स्टार मिळाला होता. ते छिद्र त्यांनी इंजिनाची गरज मोजून पाडले होते.

आपल्याला माझी विनंती अशी. लेखातला स्क्रू आवळण्याचा आणि फिल्टर काढण्याचा सल्ला मागे घेत असल्याची सूचना पुढच्या अंकात ठळक छापावी, आणि टू-स्ट्रोकविषयीचा इशारा त्यात स्वतंत्र द्यावा. जागा असेल तर फ्लोटपासून मेन जेटपर्यंतची सगळी रीत चित्रांसह लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

ज्यांनी लेख वाचून आधीच बदल केले असतील त्यांनी एवढे करावे. फिल्टर परत लावा. ड्रिल मारलेला जेट काढून मूळ आकड्याचा नवा बसवा. आकडा आठवत नसेल तर इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये तो असतो. स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या आट्यांवर न्या. टू-स्ट्रोक असेल तर हे होईपर्यंत यंत्र पूर्ण रेसवर चालवू नका. आणि तपासताना इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नका. रिच चाललेल्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड फार असतो, आणि त्याला वास नसतो.

आपली नम्र,
एक कार्बोरेटर मेकॅनिक आणि आपली वाचक